घरी बाळंतपण करायचं ठरवलंय. तयारीत काय सुटतंय?

ओली_माती

नमस्कार मंडळी,

पहिलंच बाळंतपण आहे, चौतिसावा आठवडा लागलाय. आम्ही दोघांनी घरीच करायचं ठरवलंय. घाईत ठरवलेलं नाही, सहा महिने वाचतोय, विचारतोय. मिडवाइफ रीतसर शिकलेली आणि नोंदणी असलेली आहे, वेळेला सोबत आणखी एकीला आणणार आहे. एकच बाळ, डोकं खाली, बीपी ११०/७० च्या आसपास, साखर ठीक, वार (प्लॅसेंटा) वरच्या बाजूला. दवाखाना गाडीने पंचवीस मिनिटांवर.

घरीच का, तर मला दवाखान्याची भीती वाटते असं सगळे धरून चालतात. तसं नाही. मला तासन् तास उताणं पडून राहायचं नाहीये. दर थोड्या वेळाने नवीन माणूस येऊन तपासून जातो ते नकोय. आणि नवऱ्याला बाहेर बाकावर बसवतात, ते तर मुळीच नकोय.

आतापर्यंतची तयारी: फुगवायचा टब आलाय. प्लास्टिकच्या दोन मोठ्या चादरी, जुने टॉवेल धुऊन वाळवून पिशवीत बांधलेले, बसून डोलायला मोठा चेंडू, मंद दिवे, गाण्यांची यादी (नवऱ्याने केली, त्यात स्वतःच्या आवडीची तीन घुसडलीत, ती मी गुपचूप काढणार आहे). श्वासाचा सराव रोज चालू आहे. खालच्या बाजूच्या मालिशबद्दल मिडवाइफ म्हणाली की पस्तिसाव्या आठवड्यापासून करू, टाके पडायची शक्यता थोडी कमी होते.

विचारायचंय ते हे: यात काय राहिलंय? पहिल्या वेळी घरी प्रयत्न केलेलं कुणी आहे का इथे? आणि सासूबाईंचं काय करू? ठरल्यापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

फक्त 'दवाखान्यात जा' एवढंच लिहू नका, प्लीज. ते चार घरांतून ऐकून झालंय.

काठावरची

तुला आवडणार नाही, तरी लिहिते. कशाला विषाची परीक्षा? माझ्या धाकट्या बहिणीचं सगळं तुझ्यासारखंच नॉर्मल होतं. बाळ झालं, रडलं, आम्ही फोनाफोनी करायला लागलो आणि दहा मिनिटांत तिची गादी रक्ताने भिजली. दवाखान्यात होती म्हणून चार जण धावत आले. पंचवीस मिनिटं तिच्याकडे नव्हती. बाकी तुझी मर्जी.

ओली_माती

काठावरची, रागावले नाही. बहीण आता बरी आहे ना? हा प्रश्न मिडवाइफला विचारणारच आहे. पण खरं सांगायचं तर अजून विचारला नव्हता.

तिसरा_मजला

ओली_माती, मी दोन्ही केलंय. पहिल्या वेळी घरी सुरुवात करून दवाखान्यात संपवलं, दुसऱ्या वेळी घरीच झालं. त्यामुळे दोन्हीकडच्यांची बोलणी खाऊन झालीत. लांबलचक लिहिणार आहे, टेकून बस.

तुझी यादी वाचून हसू आलं, कारण माझी अगदी हीच होती. टब, दिवे, चेंडू, गाणी. घरी झालं तर काय लागेल ते सगळं तीत आहे. घरातून निघावं लागलं तर काय, त्याची एकही ओळ नाही. मीही लिहिली नव्हती. लिहिली की तसं घडेल, असं काहीतरी वेडं मनात होतं.

इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे आकडे २०११ साली आले, जवळपास ६४ हजार कमी जोखमीच्या बाळंतपणांचे. तिथे घरी येणारी मिडवाइफ मोठ्या आरोग्यव्यवस्थेचाच भाग असते, त्यामुळे पुढची सोय ठरलेली. तरी घरी ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरात सुमारे ४५ जणींना बाळंतपणात किंवा त्यानंतर लगेच दवाखान्यात हलवावं लागलं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांत हेच प्रमाण बारा. दुसरा आकडा जास्त कडू आहे. पहिलटकरणींच्या बाळांना काही गंभीर होण्याचं प्रमाण दवाखान्यात हजारी ५.३ होतं आणि घरी ठरवलेल्यांत हजारी ९.३. ज्यांना आधी मूल झालंय त्यांच्यात असा फरक दिसला नाही. आईच्या बाजूने मात्र घरी ठरवलेल्यांत सिझर आणि कापून वाट मोठी करणं, दोन्ही कमी. मला हे नववा लागल्यावर कळलं. नवऱ्याबरोबर बसून एकदा वाच आणि मग जे ठरवायचं ते ठरव. मी 'कर' म्हणणार नाही, 'करू नको'ही म्हणणार नाही.

आता माझं. चाळीस आठवडे चार दिवस. रात्री दोनला कळा सुरू झाल्या, सहाला मिडवाइफ आली, म्हणाली गर्भपिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलंय. अकराला पाच. मी रडकुंडीला आले, कारण माझ्या डोक्यात 'तासाला एक सेंटिमीटर' पक्कं बसलं होतं. तिने समजावलं की तो नियम आता कुणी दगडावरची रेघ मानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१८ साली सांगितलंय की कळांचा जोरदार टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरावा, आणि पहिलटकरणीला तिथून पुढे बारा तासही लागू शकतात. हे आधी कुणी सांगितलं असतं तर घड्याळ भिंतीवरून काढून ठेवलं असतं. दुसऱ्या वेळी खरंच काढलं.

तो दिवस खरं तर चांगला गेला. मी खिडकीला धरून उभी राहिले, रांगत राहिले, टबात बसले, मिडवाइफला शिव्या दिल्या. संध्याकाळी साडेसातला जोर करायला लागले. साडेनऊ झाले तरी डोकं दिसेना. बाळाचं तोंड वरच्या बाजूला होतं, म्हणजे पाठ माझ्या पाठीला लागून, त्यामुळे कळा सगळ्या कमरेत आणि बाळ फिरायला तयार नाही. कळांमधलं अंतर वाढायला लागलं. बाळाचे ठोके चांगले होते. मिडवाइफ शांतपणे म्हणाली, "निघूया."

आणि मी वाद घातला. अर्धा तास दे म्हटलं. नवऱ्याने विचारलं, "नक्की गरज आहे का?" त्याचा हेतू चांगलाच होता, त्याला वाटलं तो माझी बाजू घेतोय. अर्ध्या तासाची चाळीस मिनिटं झाली. त्या चाळीस मिनिटांत माझ्या अंगातलं उरलंसुरलं त्राण गेलं, आणि मग जिना उतरायची वेळ आली.

जिना. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, पण त्यात स्ट्रेचर मावत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर आडवं फिरत नाही, हेही तेव्हाच कळलं. रुग्णवाहिकेतली माणसं खाली उभी, मी वर. लिफ्टमध्ये मिडवाइफसकट तिघं मावलो असतो, पण कळ आली की मला उभं राहता येईना आणि त्या डब्यात वाकायला जागा नाही. शेवटी नाइटी, वर शाल, पायात नवऱ्याच्या चपला अशी मी जिन्यावरून उतरले. प्रत्येक मजल्यावर एक कळ, कठडा धरून. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडलं, मला बघितलं आणि दार लावून घेतलं. अकरा मिनिटं लागली. मिडवाइफने मोजली होती, तिच्या कागदात लिहिलेली आहेत.

दवाखान्यात आमचं नाव नव्हतं. 'लागणारच नाही' म्हणून आधी नोंदवलं नव्हतं. कळांच्या मध्ये मला रक्तगट विचारला, ॲलर्जी विचारली, शेवटची पाळी विचारली. रक्तगटाचा कागद घरी राहिला, म्हणून परत रक्त काढलं. पाळीवरच्या डॉक्टरांनी "घरी कशाला प्रयोग करत बसलात" एवढं ऐकवलं आणि मग काम मात्र चोख केलं. सलाइनमधून कळा वाढवल्या, व्हॅक्यूम लावला, बारा वाजायला दहा कमी असताना मुलगा झाला. नंतर रक्तही जरा जास्त गेलं, सातशे मिली धरलं त्यांनी. पाचशेच्या वर गेलं की जास्त मानतात.

माझी कळकळ एकाच गोष्टीची आहे. 'निघूया' हा शब्द कुणी म्हणायचा आणि तो म्हटल्यावर काय करायचं, हे आज, डोकं थंड असताना, ठरवून टाक. आमच्या दुसऱ्या वेळचा करार असा होता: मिडवाइफ म्हणाली की निघायचं. मी म्हणाले तरी निघायचं, कारण विचारायचं नाही. नवऱ्याने 'नक्की का' हे दोन शब्द त्या दिवशी उच्चारायचे नाहीत. त्याने फक्त जिन्यातला दिवा लावायचा आणि गाडी दाराशी आणायची. आणि एक लक्षात घे, पहिलटकरणी निघतात त्या बहुतेक भयंकर काही घडलं म्हणून निघत नाहीत. माझ्यासारखं पुढे सरकत नाही, थकवा येतो, म्हणून निघतात. तेव्हा वेळ हातात असते. वाद घालून ती घालवायची नाही.

मग पुढचं सगळं आपोआप सुचतं. दवाखान्यात नाव घाल, एकदा जाऊन रात्रीचं दार कोणतं ते बघून ये (आमच्याकडे रात्री पुढचं दार बंद असतं). एका कागदावर आठवडे, रक्तगट, हिमोग्लोबिन, औषधं, ॲलर्जी, सोनोग्राफीतली वारेची जागा एवढं लिहून त्याच्या दोन प्रती कर, एक दाराशी, एक गाडीत. पिशवी भरून ठेव, 'लागणार नाही' म्हणू नकोस. गाडीच्या सीटवर प्लास्टिक आणि टॉवेल. आणि जिना मोज. खरंच मोज, टेप घेऊन, वळणावरची रुंदी. नुसती खुर्ची घेऊन दोन माणसांनी वळून दाखवायचं.

दुसऱ्या वेळचं फार लिहिण्यासारखं नाही. चार तासांत मुलगी झाली, त्याच तिसऱ्या मजल्यावर. वार बावीस मिनिटांनी पडली. भरलेली पिशवी नंतर आठ दिवस दाराशी तशीच होती, कुणी उचलायला तयार नाही.

सासूबाईंना पटवायला जाऊ नकोस. त्यांचं बाळंतपण कसं झालं ते विचार आणि गप्प बस. माझ्या सासूबाईंनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं की माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती, घरीच, ती दोन तास राहिली. माझ्या नवऱ्यालाही हे ठाऊक नव्हतं. त्यानंतर मला त्यांच्या गप्प बसण्याचा राग आला नाही. दवाखान्याच्या नोंदणीला मी त्यांनाच सोबत नेलं.

रात्रपाळी

तिसरा_मजला, जिन्याचं वाचून पोटात गोळा आला, कारण असे जिने मी उतरवलेत.

ओली_माती, मी मिडवाइफ आहे, एकोणीस वर्षं झाली, त्यातली बरीच दवाखान्यात. काठावरचीच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो इथला सगळ्यात महत्त्वाचा आहे. दिवस भरलेल्या गर्भपिशवीतून मिनिटाला पाचशे ते सातशे मिली रक्त वाहत असतं. वार सुटली की पिशवीने आवळून त्या रक्तवाहिन्या बंद करायच्या असतात. पिशवी सैल पडली तर काय होतं, ते तिच्या बहिणीने बघितलं. म्हणून तुझ्या मिडवाइफला सरळ विचार: ऑक्सिटोसिन, म्हणजे पिशवी आवळायला लावणारं इंजेक्शन, असतं का तुझ्याकडे? ते थंड डब्यात, दोन ते आठ अंशांत ठेवतेस का? उन्हात फिरलेलं इंजेक्शन ऐन वेळी काम करत नाही. बाळ झाल्याबरोबर दहा युनिट मांडीत दिलं की जास्त रक्त जाण्याचा धोका बराच कमी होतो. 'आम्हाला नैसर्गिक हवंय, सुई नको' म्हणणाऱ्या मुलींना मी एवढंच विचारते, की बाळ तर तुझं तूच आणलंस ना? मग या एका सुईने त्यातलं काय कमी झालं?

दुसरा प्रश्न विचार: बाळाला मास्क आणि फुग्याने श्वास शेवटचा कधी दिलास? सराव कधी केलास? दहा बाळांत एखाद्याला पहिला श्वास घ्यायला काही ना काही मदत लागते. बहुतेकांना नुसतं पुसणं, पाठ चोळणं पुरतं. थोड्यांना फुगा लागतो, आणि तो पहिल्या मिनिटातच. त्या मिनिटाला तूही एक पेशंट असतेस आणि बाळ दुसरा, म्हणून माणसंही दोनच लागतात. ती दुसरी 'येईल' म्हणून चालत नाही. जोर सुरू व्हायच्या आधी ती घरात हवी. ठोके किती वेळाने ऐकणार तेही विचार. जोरदार कळांत दर पंधरा ते तीस मिनिटांनी, जोर करताना दर पाच मिनिटांनी. ११० ते १६० च्या बाहेर जाऊन तिथेच रेंगाळले तर निघायचं.

बाकी खोली. तुला उकडलं तरी चालेल, पंचवीस अंश हवेतच, पंखा बंद. ओलं बाळ फार पटकन गार पडतं. आधी पुसायचं, ओला टॉवेल बाजूला, मग उघडं तुझ्या छातीवर, वरून कोरडा टॉवेल, डोक्याला टोपी. पहिली आंघोळ निदान चोवीस तास नाही, आजी कितीही मागे लागल्या तरी. नाळ निदान एक मिनिट थांबून बांधायची, बाळ ठीक असेल तर तीन मिनिटांपर्यंत थांबलं तर उत्तम. नाळेवर काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. तासाभरात अंगावर पाजायला घ्यायचं. बाळाला रक्तस्राव होऊ नये म्हणून व्हिटॅमिन के ची सुई, एक मिलिग्रॅम, ती तुझी मिडवाइफ देते की दुसऱ्या दिवशी कुठे जायचंय, हे आत्ताच विचारून ठेव. घरच्या बाळंतपणात हमखास राहून जाणारी गोष्ट आहे ही.

तू दिलेल्या माहितीत दोन गोष्टी दिसल्या नाहीत. हिमोग्लोबिन आणि रक्तगट. त्याशिवाय मी हो-नाही काही म्हणणार नाही.

आणि इथे येऊन नुसत्या वाचणाऱ्यांसाठी: पायाळू बाळ, जुळं, आधीचं सिझर, वार खाली, बीपी १४०/९० किंवा वर, सदतीस आठवड्यांच्या आत किंवा बेचाळीसच्या पुढे, यांपैकी काही असेल तर घरचा विचार सोडा. व्हिडिओ बघून, शिकलेलं कुणी जवळ नसताना घरी बाळंत होणं ही वेगळीच गोष्ट आहे, तिला या धाग्यात जागा नाही. कळांत ताजं रक्त जायला लागलं, पाणी हिरवट आलं, ताप ३८ वर गेला, डोकं ठणकून डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तर 'थोडं बघू' नाही. आणि पाण्याबरोबर नाळ बाहेर दिसली तर गुडघे आणि छाती जमिनीला टेकवून, ढुंगण वर करून राहायचं, नाळ आत ढकलायची नाही, फोन दुसऱ्याने करायचा. फार क्वचित घडतं, पण घडलं तर वाचत बसायला वेळ नसतो.

नवऱ्याच्या बाकाचं म्हणालीस ते मला पटलं. पूर्ण वेळ सोबत राहणारं एक माणूस असलं की सिझर कमी होतात आणि बाळंतपण थोडं लवकर आटपतं. २०१७ सालच्या एका आढाव्यात २६ चाचण्या आणि पंधरा हजारांवर बायका होत्या. त्यामुळे नाव घालायला दवाखाना निवडताना पहिला प्रश्न हाच विचार, सोबतीला आत येऊ देता का. नाही म्हणाले तर दुसरा बघ. घर सुटलं तरी नवरा सुटता कामा नये.

बादलीवाला

मी नवरा गटातला. टबाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

ताई, टब किती लिटरचा आहे? आमचा सहाशेचा होता. आमचा गीझर पंचवीस लिटरचा. बायको आठव्या महिन्यात असताना एका रविवारी मी कागद घेऊन बसलो. नळाचं पाणी बावीस अंश, गीझरचं साठ, टबात हवं सदतीस. म्हणजे जवळजवळ दोनशे चाळीस लिटर कडक पाणी, दहा गीझर. एक गीझर तापायला अर्ध्या तासाच्या वर. साडेपाच तास! तेवढ्यात पहिलं भरलेलं पाणी गार. मग शेजाऱ्यांचा गीझर, गॅसवर दोन मोठी पातेली आणि टबावर झाकायला जाड पांघरूण असा बेत केला आणि एकदा पूर्ण तालीम घेतली. सव्वादोन तासांत जमलं.

नवीन पाइप घ्या, बाथरूममधला जुना नको. थर्मामीटर हवाच, साडेसदतीसच्या वर पाणी नको, आईला ताप चढल्यासारखं होतं आणि बाळाचे ठोके वाढतात. सहाशे लिटर म्हणजे सहाशे किलो, वर बायको, शिवाय काठावर वाकलेले आपण. आम्ही टब खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या कोपऱ्यात, खाली तुळई आहे तिथे ठेवला, तोही एका ओळखीच्या इंजिनिअरला विचारून. जुन्या घरात असाल तर तुम्हीही विचारा.

रिकामा कसा करणार, याचा विचार मी केला नव्हता. पंप नव्हता. दहा लिटरची बादली, साठ खेपा, पहाटे पाचला, पाण्याचा रंग विचारू नका. माझं इथलं नाव तिथून आलंय.

आणि हो, टब अर्धा भरला असतानाच मुलगी झाली, टबाच्या शेजारी, जमिनीवर. साठ नव्हे, तीस खेपा असं म्हणायला हवं, पण गोष्ट सांगताना मी साठच सांगतो.

ओली_माती

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. परवापासून हा धागा चार वेळा वाचला, दोनदा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. 'नक्की का' ला तो हसला नाही. म्हणाला, मी हेच विचारलं असतं.

झालेलं सांगते. दवाखान्यात नाव घातलं. सोबतीला आत येऊ देतात, एकाच माणसाला, बदलून नाही. काल संध्याकाळी पलंगापासून दवाखान्याच्या रात्रीच्या दारापर्यंत घड्याळ लावून गेलो. पंचवीस मिनिटं म्हणत होतो ती एकेचाळीस झाली, त्यातली नऊ नुसती पार्किंगमधून गाडी बाहेर काढण्यात. आता गाडी सदतिसाव्या आठवड्यापासून बाहेर, तोंड रस्त्याकडे करून.

मिडवाइफला दोन्ही प्रश्न विचारले. ऑक्सिटोसिन आहे, थंड डब्यात आणते, तिने डबा दाखवला. फुग्याचा सराव शेवटचा दीड महिन्यापूर्वी. दुसऱ्या मिडवाइफबद्दल मात्र ती जरा गोलगोल बोलली, तेव्हा नवऱ्याने नाव आणि फोन नंबर मागून घेतला आणि तिच्यासमोरच लावला. लागला. टब आमचा साडेपाचशेचा आहे, गीझर पंधराचा. हसा.

रात्रपाळी ताई, हिमोग्लोबिन ९.८, बत्तिसाव्या आठवड्यातलं. रक्तगट बी निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डी (बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध माझं शरीर उठू नये म्हणूनचं इंजेक्शन) घेतलंय. हे लिहायचं राहिलं नव्हतं, मुद्दामच टाळलं होतं बहुधा.

सासूबाईंना विचारलं. दीड तास बोलल्या. इथे लिहीत नाही.

रात्रपाळी

टाळलं होतंस हे लिहिलंस, बरं केलंस.

निगेटिव्ह रक्तगट सांभाळता येतो. बाळ झाल्यावर नाळेतलं रक्त नळीत काढून त्याच दिवशी लॅबला पोचलं पाहिजे. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर तुला बहात्तर तासांत परत अँटी-डी. नळ्या मिडवाइफकडे असतात का, लॅब सुट्टीच्या दिवशी घेते का, नमुना कोण नेणार, एवढी तीन उत्तरं त्या एका कागदावर लिहून टाक. आणि तुझ्या बाळाला कावीळ पहिल्या चोवीस तासांत दिसली तर 'सगळ्यांनाच होते' म्हणून थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

९.८ मात्र मला आवडलेलं नाही. अकराच्या खाली ॲनिमियाच. ज्याच्याकडे मुळात रक्त कमी त्याला पाचशे मिलीसुद्धा जड जातं. गोळ्या नियमित घेतेस का? पचत नसतील, मळमळत असेल तर खरं सांग, शिरेतून लोह देता येतं, पण त्यालाही चढायला आठवडे लागतात, त्यामुळे या आठवड्यातच डॉक्टरांना दाखव. छत्तिसाव्या आठवड्यात परत तपास. तेव्हाही दहाच्या खालीच असेल तर मी तुझ्या घरी आले नसते. तुझ्या मिडवाइफचा आकडा कोणता, तो तिच्याकडून आज काढून घे, छत्तिसाव्यात रिपोर्ट हातात घेऊन नव्हे.

काठावरची

बहीण बरी आहे, विचारलं होतंस. मुलगा शाळेत जातो. दवाखान्यात तुझं नाव आहे हे वाचून बरं वाटलं.

तिसरा_मजला

जिन्याचं काहीच लिहिलं नाहीस. कितवा मजला? खुर्ची घेऊन वळून बघितलंत का? बिनहाताची घ्या, हातांची खुर्ची वळणावर कठड्यात अडकते. आणि तू बसू नकोस त्या तालमीत, नवऱ्याच्या मित्राला बसव.